रजिस्टर वाचण्यापूर्वी

प्रिय भाचीस,


ब्रेकपॉइंट लावला की प्रोग्राम वेगळा वागतो आणि काढला की पुन्हा वेगळा, ही तुझ्या पत्रातील तक्रार मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येते. तिचे मूळ बहुधा रजिस्टरमध्ये असते. रजिस्टर म्हणजे चिपमधील टायमर किंवा सिरियल पोर्ट यांची स्थिती कळवणारे आणि त्यांना आज्ञा देणारे, स्वतःचा पत्ता असलेले स्थान. ते मेमरीप्रमाणे वाचता-लिहिता येते, म्हणून मेमरीप्रमाणेच वागेल असे गृहीत धरले जाते आणि तेथेच घोटाळा होतो.

एसटीएम३२एफ१०३ या चिपमध्ये सिरियल पोर्टवर बाइट आला की आरएक्सएनई हा बिट १ होतो आणि डेटा रजिस्टर वाचले जाताच हार्डवेअर तो ० करते. डीबगरच्या विंडोमध्ये ते रजिस्टर उघडे असेल, तर प्रोग्राम थांबताच डीबगरच ते वाचतो आणि बाइट आल्याची खूण प्रोग्रामला दिसण्यापूर्वीच पुसली जाते. शिवाय प्रोसेसर थांबला तरी समोरचे यंत्र थांबत नाही. ११५२०० बॉडला सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत एक बाइट येत असल्याने, थांबलेल्या प्रोग्रामचे पुढचे बाइट हरवतात.

इंटरप्ट, म्हणजे चालू काम बाजूला ठेवून ठरावीक फंक्शन चालवण्यास प्रोसेसरला भाग पाडणारी सूचना, हाताळताना तिची खूण पुसावी लागते आणि त्याचे नियम एकाच चिपमध्ये परस्परविरुद्ध आहेत. बाह्य इंटरप्टच्या पेंडिंग रजिस्टरमध्ये १ लिहिल्याने खूण पुसली जाते, तर टायमरच्या स्थिती रजिस्टरमध्ये ० लिहिल्याने. त्यामुळे रजिस्टर वाचून, एक बिट बदलून परत लिहिण्याची सवय दोन्हीकडे नडते: पहिल्यात इतर प्रलंबित खुणाही पुसल्या जातात, दुसऱ्यात वाचन आणि लेखन यांच्यामध्ये उमटलेली नवी खूण नाहीशी होते. म्हणून पहिल्यात केवळ हवा तो बिट १ आणि बाकीचे ०, तर दुसऱ्यात हवा तो बिट ० आणि बाकीचे १, असे थेट लिहावे. खूण फंक्शनच्या अगदी शेवटी पुसली, तर ते लेखन टायमरपर्यंत पोहोचण्याआधीच फंक्शन संपून तोच इंटरप्ट पुन्हा लागू शकतो. ती सुरुवातीलाच पुसणे हिताचे.

वेळेचा दोष शोधताना प्रोसेसर न थांबवता इंटरप्टच्या फंक्शनमध्ये शिरताना एक मोकळी पिन १ व बाहेर पडताना ० करावी, आणि तिचा आलेख लॉजिक ॲनलायझरवर पाहावा. पिन बदलण्यास लागणारा वेळ ब्रेकपॉइंटच्या थांब्यापुढे नगण्य असतो.

यापुढे कोणत्याही रजिस्टरला हात लावण्यापूर्वी संदर्भपुस्तिकेत त्याच्या प्रत्येक बिटाखाली छापलेला वाचन-लेखनाचा प्रकार पाहावा आणि मगच कोडची एक ओळ लिहावी, एवढे मनावर घे.

तुझा,
मामा