लेकीच्या बागेतली वही

परवाचीच गोष्ट. संध्याकाळी फुलचूरच्या रस्त्यावर द्राक्षांची हातगाडी उभी होती. मी आणि शेजारच्या वहिनी भाजी घेऊन परतत होतो, त्या गाडीपाशी थांबलो. वहिनींनी एक घड उचलला, उजेडात धरला आणि पटकन परत ठेवला. म्हणाल्या, "बघा, कशी पांढरी भुकटी बसली आहे! सगळं औषधच औषध. नको बाई, लेकरांच्या पोटात जायचं." गाडीवाला बिचारा कसनुसा हसला.

मी म्हटलं, "वहिनी, ती भुकटी औषधाची नव्हे हो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर मुळातच असतो. त्यामुळे मण्यातलं पाणी उडून जात नाही. ज्या घडावर ही लव सगळीकडे सारखी दिसते, तो घड फारसा हाताळलेला नाही असं समजावं. औषधं मारतात हेही खरं, म्हणून धुवून मात्र नक्की घ्यायची."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला हो हे कसं ठाऊक?"

त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. थोरलीचं लग्न होण्याआधी मीही तो घड असाच परत ठेवला असता. द्राक्षं म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला गाडीवर येणारं फळ, एवढंच माझं ज्ञान. आमचं घर धानाचं. पऱ्हे टाकायचे, रोवणी करायची, बांधीत पाणी राखायचं, आणि कापणीनंतर पुंजणं रचली की आकाशाकडे बघत बसायचं. घरात मोठी झालेली पोर निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरी द्यायची म्हटल्यावर घरात दोन तट पडले. आमचे हे म्हणाले, "द्राक्ष म्हणजे कर्जाची शेती. एका रात्रीत होत्याचं नव्हतं होतं." सासूबाई तर माझ्यावरच रागावल्या, "एवढ्या दूर काहून देता पोरीले? आपल्याकडे का घरं नाही?" पण मुलगा शिकलेला होता, माणसं साधी होती, आणि मुख्य म्हणजे पोरीला स्थळ पसंत होतं. 2021 साली लग्न झालं.

त्याच वर्षी डिसेंबरात मी पहिल्यांदा लेकीच्या घरी गेले. दुपारी गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले आणि पहाटेच्या अंधारात नाशिकरोडला उतरले. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. निफाडचा पारा थंडीत पुष्कळदा राज्यात सर्वांत खाली उतरतो. अशा रात्री मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतात, हे जावयांनी गाडीतच सांगितलं. मला वाटलं, काय हे! तान्ह्या मुलाला जपावं तसं ह्या वेलींना जपायचं!

तसंच होतं खरं. द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या हंगामासाठी काड्या तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. त्यानंतर डोळे फुटतात, पोंगा येतो, मग दोडा, मग फुलोरा, मग बारीक मणी. ह्या प्रत्येक अवस्थेचं भय निराळं. पोंग्याच्या वेळी आभाळ भरून राहिलं तर घड जिरतात. दोड्यात आणि फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाऊनी, म्हणजे केवडा, घडावरच बसतो. पुढे कोरड्या थंडीत भुरी. मण्यात पाणी उतरायच्या वेळी पाऊस आला तर मणी चिरतात. छाटणीपासून चार महिने घरातल्या माणसाच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

आणि ह्या सगळ्यात कामाला हात कुणाचे, तर बहुतेक बायकांचे. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका टोळ्यांनी येतात. घडातले दाटीचे मणी कात्रीने काढायचे, त्याला विरळणी म्हणतात. वाढीसाठी एकेक घड द्रावणात बुडवायचा. माझी लेकही त्यांच्यात उभी. मान वर करून दिवसभर कात्री चालवायची, की रात्री मानेला शेक द्यावा लागे. विहीणबाईंनी चाळीस वर्षं हेच केलं. त्यांचे हात बघून मला आमच्याकडच्या रोवणीतल्या बायका आठवल्या. त्या वाकून काम करतात, ह्या मान वर करून, एवढाच काय तो फरक.

द्राक्षांच्या मागे केवढी विद्या उभी आहे, हेही तिथेच कळलं. बागायतदारांनी 1960 साली स्वतःचा संघ काढला, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ. त्याचं 'द्राक्षवृत्त' मासिक लेकीच्या घरी वर्षानुवर्षांचं बांधून ठेवलेलं आहे. पुण्याजवळ मांजरीला 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ हवामान बघून दर आठवड्याला सल्ला देतात: कुठल्या भागात पावसाची शक्यता, बाग कुठल्या अवस्थेत असेल, कुठल्या रोगाचं भय, काय फवारावं आणि काय मुळीच फवारू नये. शेतकरीही काही कमी संशोधक नाहीत. सोनाका हे लांब मण्याचं द्राक्ष सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत हेरलं. सोलापूर, नान्नज, काळे, ह्यांची पहिली अक्षरं जुळवून सोनाका! मला ते नाव एखाद्या परदेशी बाईचं वाटायचं.

एवढी विद्या, एवढे सल्ले. पण ते पोचतात कुणापर्यंत?

2022 च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला. लेकीच्या घरची एक बाग नेमकी फुलोऱ्यात होती. जावई दोन दिवसांसाठी एका लग्नाला परगावी गेले होते. लेक सकाळी बागेत गेली, तर पानांवर पिवळसर, तेल सांडल्यासारखे डाग दिसले. पान उलटून पाहिलं तर खाली पांढरी बुरशी. तिला वाटलं, असेल काही, हे आल्यावर दाखवू. सल्ल्याचा निरोप आदल्याच दिवशी जावयांच्या मोबाइलवर आला होता. त्यात ह्याच डागांचं वर्णन होतं आणि उशीर करू नका असं लिहिलं होतं. पण मोबाइल खिशात, खिसा लग्नाच्या मांडवात, आणि डाग इथे लेकीच्या डोळ्यांसमोर!

जावई आले तोवर केवडा घडांवर गेला होता. त्या बागेतलं निम्म्याहून जास्त पीक गेलं. घरात शब्दाला शब्द लागला. सासरे म्हणाले, "बागेत असून दिसलं नाही?" रात्री लेकीचा फोन आला. रडत होती. "आई, मला दिसलं होतं गं. सगळ्यांत आधी मलाच दिसलं. पण ते काय आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या दूर पोर दिली हा आपलाच अपराध, असं वाटत राहिलं. सकाळी ह्यांना म्हटलं, तिला चार दिवस घेऊन या. पण ती आली नाही. तिने वेगळंच केलं. जावयांना म्हणाली, "निरोपाच्या यादीत माझाही नंबर घाला." सासरे म्हणाले, "फवारणीचं बायकांनी काय बघायचं?" तेव्हा विहीणबाई, ज्या कधी वर मान करून बोलल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "बाग बघतात बायका आणि औषध बघणार तुम्ही. मग मधल्या दोन दिवसांचं काय?" व्याही गप्प बसले. जावयांनी त्याच दिवशी नंबर घातला.

मग लेकीने एक वही केली. शाळेची, दोनशे पानी. रोज सकाळचं तापमान, पाऊस किती, दव पडलं की नाही, पानं किती वाजेपर्यंत ओली होती, कुठली बाग कुठल्या अवस्थेत, कुठलं औषध, किती प्रमाणात, कुठल्या तारखेला. शेवटच्या रकान्यात, त्या औषधानंतर किती दिवस काढणी करायची नाही. ही शेवटची नोंद आपल्यासारख्या खाणाऱ्यांसाठी. 2010 साली युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट ह्या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला, माल अडकला, आणि कितीतरी बागायतदार कर्जात गेले. तो धडा घरोघर लक्षात आहे. विरळणीला येणाऱ्या बायकांनाही लेकीने डाग ओळखायला शिकवलं. आता त्यांच्यातलीच कुणीतरी हाक मारते, "वहिनी, हे पान बघा बरं!"

तुम्ही म्हणाल, म्हणजे पुढे सगळं छान झालं. तसं झालं नाही. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाडकडे अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. पावसाचा अंदाज वहीत होता. पण बागेला छप्पर कुठून आणायचं? वरून प्लॅस्टिकचं आच्छादन घालतात काही जण, त्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. घराजवळची बाग विरळणीला आली होती. तिच्यावर गारांचा पट्टा सापडला. मी दोन दिवसांनी पोचले, तेव्हा वेलींखाली हिरव्या मण्यांचा सडा पडला होता. जावई बांधावर बसून होते, कुणाशी बोलत नव्हते. माझ्याही तोंडून शब्द फुटेना. सांत्वन काय करणार?

लेक मात्र दुसऱ्या बागेत होती. तिकडे गारा थोड्या, पाऊस जास्त. ती बाग उशिरा छाटलेली, नेमकी दोड्यात. वहीत तसं लिहिलेलंच होतं, म्हणजे केवड्याचं भय तिथे सर्वांत मोठं. चिखलात ट्रॅक्टर शिरेना. मग पंप बांधावर ठेवून लांब नळीने फवारणी केली. गन दिराच्या हातात, नळी ओढायला लेक, तिची जाऊ आणि विहीणबाई. गारांच्या बागेत मात्र सल्ल्याप्रमाणे फुटलेले मणी काढून जखमांवर बुरशी बसू नये एवढीच फवारणी केली. दुकानदार सांगेल ते प्रत्येक टॉनिक आणण्याच्या मोहात घर पडलं नाही. गेलेल्या पिकावर आणखी पैसा गेला नाही, हेही वाचणंच की!

उशिराची बाग वाचली. त्या वर्षी कर्ज फिटलं नाही, पण वाढलंही नाही. मार्चमध्ये व्याह्यांनी स्वतः फोन करून ह्यांना सांगितलं, "सूनबाईंच्या वहीने ह्या वर्षी घर धरलं." एवढंच. पण सासूबाईंना मी ते दोनदा सांगितलं.

परत आल्यावर मी आमच्या घराकडे नव्याने पाहिलं. धानावर तुडतुडे आले, करपा आला, तर आधी कुणाला दिसतं? निंदणाला गेलेल्या बायकांनाच. आणि निरोप कुणाच्या मोबाइलवर? ह्यांच्या! मी हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन माझा नंबर लिहून दिला. हे हसले, पण आता संध्याकाळी चहा घेताना विचारतात, "काय गं, आज काय म्हणतंय तुझं केंद्र?"

तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी शेती असेल, माहेरी तरी असेलच. सल्ला चांगला असून भागत नाही, तो काम करणाऱ्या हातांपर्यंत पोचावा लागतो. तुमचा नंबर त्या यादीत आहे का, एवढं एकदा विचारा.

आणि शेती नसेल, नुसती द्राक्षंच घ्यायची असतील, तर लेकीने सांगितलेल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. देठ हिरवा असलेला घड ताजा. द्राक्ष वेलीवरून काढल्यावर आणखी पिकत नाही, म्हणून आंबट घड आणून घरात ठेवल्याने गोड व्हायचा नाही. हंगामाच्या सुरुवातीला घाई करू नये, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात खरी गोडी उतरते. आणि न धुता फ्रिजमध्ये ठेवावी, खाण्याआधी वाहत्या पाण्यात चांगली चोळून धुवावी.

त्या संध्याकाळी वहिनींनी अखेर अर्धा किलो घेतलीच. गाडीवाल्याला मी विचारलं, "कुठली रे?" म्हणाला, "नाशिककडची, बाई." मी एक मणी हातात घेऊन पाहिला. लव अगदी तशीच होती. न जाणो, ह्याही घडावर कुठल्यातरी लेकीची कात्री फिरली असेल.