बारा चौतीसची सावली

कामोठ्यात १५ मेला दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांनी सावली नाहीशी होते, असं लेकीने सांगितलं तेव्हा मी अडकलो ते त्या चौतीस मिनिटांवर. बाराला का नाही?

सोसायटीच्या गच्चीवर चपलेतूनही चटके बसत होते. पेला चालत नाही म्हणे, तो वर रुंद असतो. सरळ उभ्या भिंतीचा डबा हवा. म्हणून शेवयांचा वीतभर उंच डबा आला. गच्चीला निचऱ्यासाठी उतार असतो, तेव्हा पाट मांडला, त्यावर ताटलीत पाणी ओतलं आणि पाणी चहूकडून सारखं दिसेपर्यंत पाटाखाली पुठ्ठे सारत बसलो. सुतारकाम सोपं असावं.

बाराला डब्याच्या पश्चिमेला तीनेक सेंटिमीटर सावली होतीच. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचं. कामोठे त्र्याहत्तरच्या आसपास. सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं, म्हणजे जवळपास ३८ मिनिटं उशीर. इथवर कळलं. मग त्यातली चार गेली कुठे? पृथ्वीची कक्षा लंबगोल, आस कललेली, त्यामुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे, कधी मागे. कामोठ्याची खरी दुपार नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२१ला होते, फेब्रुवारीत १२:५२ला! हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

सावली आखडत गेली. शेवटी बुडाशी धूसर कड उरली, कारण सूर्य काही ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. मग तीही गेली. डबा उन्हात नुसता चिकटवल्यासारखा दिसत होता. खाली वॉचमनकाका छत्री घेऊन चालले होते. छत्रीचं गोल बरोबर त्यांच्या पायाशी.

कोल्हापूरला हा दिवस ६-७ मेलाच होऊन जातो, पुण्याला १३-१४ला, नागपूरला २६च्या सुमारास. दिल्लीतल्या भाच्याच्या नशिबी तो कधीच नाही, कर्कवृत्ताच्या वर राहतो ना. कोल्हापूरच्या मावशीला फोन लावला: आज भर दुपारी मीटरभर काठी उभी केलीस तर सावली चक्क दक्षिणेला पडेल, चारेक सेंटिमीटर. त्या सावलीवरून निघणारा उन्हाचा कोन आणि दोन गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर मिळालं की पृथ्वीचा घेर काढता येतो. एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सव्वादोन हजार वर्षांपूर्वी तसाच काढला होता. मावशी म्हणाली, "ऊन उतरलं की बघते."

२७-२८ जुलैला सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा डोक्यावर येणार आहे. पण तेव्हा कामोठ्यात ऊन पडेल तर शपथ.