तिच्या मानधनाचा रकाना

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातले तांडे आणि वस्त्या ओस पडतात. दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्या मांडीवर मागे ठेवलेली नातवंडं. कुणाची विचारपूस केली तर उत्तर एकच मिळतं : कारखान्याला गेलेत. नवरा-बायकोने मिळून एक कोयता धरायचा, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत राबायचं, असा हा सहा महिन्यांचा व्यवहार. पहाटेच्या काळोखात उसाच्या फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. गाडी रात्री कधीही येते. ती आली की भरावीच लागते.

या माणसांसाठी काम करणाऱ्या संघटनेत निधी उभा करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. मोठ्या संस्था, प्रतिष्ठानं, कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग यांच्याकडे मी जाते, प्रस्ताव लिहिते, अंदाजपत्रक मांडते, हिशोब देते. त्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. उसाचं वर्ष दसऱ्यापासून. कागदपत्रं पूर्ण होऊन पहिला हप्ता येतो तेव्हा माणसं गावात असतात आणि पेरणीच्या घाईत असतात. टोळ्या फडात पोचतात आणि खऱ्या गरजेचे महिने सुरू होतात, तेव्हा सहामाही अहवालाची मुदत आलेली असते. मार्चअखेरीला पाहुण्यांची भेट ठरते आणि तोवर कितीतरी कोप्या, म्हणजे फडावरच्या झोपड्या, मोडून माणसं परतीच्या वाटेला लागलेली असतात.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचा 2 टक्के वाटा समाजकामावर खर्च करायला लावला. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आरोग्य आहे, शिक्षण आहे, पर्यावरण आहे, स्त्री-पुरुष समानता आहे. मजुरीचा दर वाढवून घेणं मात्र त्यात नाही. त्यामुळे ऊसतोडणाऱ्यांच्या मुलांसाठीच्या साखरशाळेला पैसे मिळतात, आरोग्य शिबिराला मिळतात, सौरदिव्यांना मिळतात. या गोष्टींना मी कमी लेखत नाही. साडीच्या आडोशाला अंधारात आंघोळ उरकणाऱ्या बाईला दिव्याचं मोल विचारावं. उसाच्या पाचटात दिवसभर खेळणाऱ्या पोराला शाळेचं छप्पर मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पण २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ऊसतोड महिलांची पाहणी करवली. त्या पाहणीतल्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तो आकडा वाचल्यापासून शिबिराचा प्रस्ताव लिहिताना माझा हात जड होतो. शिबिरात गोळ्या मिळतील, तपासणी होईल. पण पाळीच्या दिवसांत बाई कोपीवर पडून राहिली तर तिचा खाडा धरतात आणि दंड कापतात. तो दंड कोणती गोळी थांबवणार? फडावर पाणी नाही, संडास नाही, अंगावरच्या दुखण्याला विसावा नाही आणि उचल नवऱ्याच्या नावावर, म्हणजे हिशोबाच्या वहीत ती मजूर म्हणून नाहीच. हे बदलायचं तर तिच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं. मुकादमाशी बोलावं लागतं, फडावर नोंद ठेवणाऱ्या चिटबॉयकडून वजनाच्या पावत्या मागाव्या लागतात, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याच्या दारात पुन्हा पुन्हा उभं राहावं लागतं.

आमच्याकडे हे काम करणारी मुलगी ऊसतोडणाऱ्यांच्याच घरातली आहे. कोप्यांमध्ये वाढली, साखरशाळेत शिकली. तिला पाहून बाया मोकळेपणी बोलतात, कारण तिला काही समजावून सांगावं लागत नाही. माझ्या लेखी अंदाजपत्रकातली सगळ्यात मोलाची ओळ तिच्या मानधनाची आहे आणि मिळवायला सगळ्यात कठीणही तीच. ताडपत्री मोजता येते, दिव्याचा फोटो काढता येतो. तिच्या बसण्या-बोलण्याला कुठल्या रकान्यात घालावं? परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. तेव्हापासून प्रत्येक पगार कार्यक्रमाचा की कार्यालयाचा, यावर आम्ही हिशोबनिसांबरोबर तासन्‌तास बसतो.

२०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यात बोलणी होऊन तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. लाखो कोयत्यांना लागू होणारी वाढ. एवढा पैसा कोणत्याही देणगीने मजुरांच्या हातात कधी पडला नसता. पण तो कुणा एका प्रकल्पाचा परिणाम म्हणून दाखवता येत नाही. कितीतरी संघटनांनी वर्षानुवर्षं संप केले, मोर्चे काढले, तेव्हा हा दर मिळाला. अहवालाच्या नमुन्यात सामायिक यशाला जागा नसते. ती जागा करून घेणं हे मी माझं काम मानते. देणाऱ्यांसमोर बसून मी हेच पुन्हा पुन्हा सांगते की तुमचं नाव या वाढीवर कोरलेलं दिसणार नाही, आणि तरीही तुम्ही याला पैसे द्यावेत.

काही जण नारायण मेघाजी लोखंड्यांचा दाखला देतात. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. तिच्याकडे ना निधी होता, ना सभासदांची यादी, असं तेव्हाच्या सरकारी अहवालानेच नोंदवून ठेवलं आहे. तरी १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली! मग चळवळीला पैसा कशाला? मला हा युक्तिवाद पटत नाही. एका माणसाने आयुष्य ओतलं म्हणून पुढच्या प्रत्येकाने उपाशी राहून काम करावं, असा त्याचा अर्थ निघत नाही. महाराष्ट्राने हे ओळखलंही होतं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारखे नट अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव हिंडले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्यासाठी. इमारतीसाठी नाही, वस्तूंसाठी नाही, माणसांसाठी. माझ्या कामातला मला ठाऊक असलेला सगळ्यात सुंदर दाखला हाच.

आणि वर्गणी. कामगार संघटनांच्या जुन्या कायद्यात, २०२५ पर्यंत, ग्रामीण मजुरासाठी किमान वर्गणी वर्षाला 1 रुपया होती. आमचे सभासद त्याहून जास्त देतात, उचल हातात आली की कारखान्याला निघण्याआधी. पावतीपुस्तकावरचे ते अंगठे आणि तिरक्या सह्या बेरजेत फार होत नाहीत. तरी प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मी वर्गणीची रक्कम घालते. एकदा एका देणगीदाराची अट होती की अमुक कारखान्याचं नाव जाहीरपणे घेऊ नये. कार्यकारिणीत बसलेल्या ऊसतोडणाऱ्या बायांनी ती रक्कम एकमताने नाकारली. त्या वर्षी आमची फार ओढाताण झाली. पण संघटना कुणाची आहे, याबद्दल त्या खोलीत कुणालाही शंका नव्हती.

सध्या मी 3 वर्षांचा प्रस्ताव लिहिते आहे. त्यात कार्यकर्तीचं पूर्ण मानधन आहे, तिचा भविष्यनिर्वाह निधी, बाळंतपणाची रजा आणि फडावर जाण्या-येण्याचा खर्चही आहे. मजुरांसाठी जे मागतो ते आपल्या माणसांना आधी द्यायला हवं. एका प्रतिष्ठानाने अनुदानाचं वर्ष ऑक्टोबरपासून धरायला होकार कळवला आहे. मानधनाच्या ओळीवर त्यांचे प्रश्न आले आहेत. त्यांची उत्तरं मी तिला शेजारी बसवून, तिच्याच शब्दांत लिहिते आहे.