फळेबुवा

रत्नागिरीत नवी खानावळ शोधायची असेल तर आधी एका गृहस्थांची ओळख करून घ्या. मारुती मंदिराजवळचे झगमगते बोर्ड मागे टाका आणि नाचणे रोडच्या नाहीतर थिबा पॅलेसच्या बाजूच्या एखाद्या गल्लीत वळा. चिऱ्याच्या गडग्याला पाठ टेकून, अंगभर खडूची भुकटी माखून जे उभे असतील, ते फळेबुवा. ते दिसले की समजा, त्या घराच्या पडवीत चार टेबलं मांडली गेली आहेत.

नवखे असले तर लगेच कळतं. काळा रंग चकचकीत, अक्षर शाळेतल्या सुविचारासारखं जपून काढलेलं आणि ‘घरगुती’ हा शब्द दोनदा. महिन्याभरात भीड चेपते. मग ‘घरगुती’ कोपऱ्यात जातं आणि मधली जागा सुरमई घेते.

सकाळी त्यांना काही विचारू नका. घरातलं कुणीतरी मिरकरवाड्याला गेलेलं असतं. पिशवी घरी येऊन रिकामी झाल्याशिवाय बुवा तोंड उघडत नाहीत. बांगडा आला तर बांगडा, सौंदाळे आले तर सौंदाळे. छापील मेनूकार्ड बारा महिने पापलेट कबूल करतं. फळेबुवांचा शब्द एकाच दिवसाचा, पण पक्का.

नटायची हौस दांडगी. सोलकढी गुलाबी खडूनेच लिहायची. तिसऱ्यांच्या सुक्याखाली पिवळी रेघ. संकष्टीला उकडीचे मोदक असले की भोवती वेलबुट्टी आलीच.

आणि राग? दोन वाजता पोचून ‘कर्ली आहे ना?’ म्हणालात, तर तुमच्यादेखत ओलं फडकं फिरतं आणि कर्ली नाहीशी होते. संपलं म्हणजे संपलं. कालचं गरम करून पाहुण्याचं मन राखणं बुवांना जमत नाही. त्यांच्या याच तुसडेपणावर माझा भरवसा आहे.

पावसाळ्यात ते सोशिक होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यात तिरक्या सरींपुढे खडू टिकत नाही. बुवा पडवीत सरकतात आणि हळू आवाजात सांगतात: कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, आठळ्यांची भाजी. या दिवसांत पुष्कळ लोक त्यांना ओलांडून पुढे जातात. तुम्ही थांबा, घरची माणसं जे जेवणार, तेच तेव्हा तुमच्या ताटात येतं.

जात विचारून पंगत बसवण्याचे दिवस या गावाने पाहिले आहेत. सर्व जातींच्या हिंदूंनी एकत्र बसून खावं म्हणून सावरकरांनी १९३३ साली इथेच अखिल हिंदू उपाहारगृह काढलं. फळेबुवा ताटाचा भाव तेवढा सांगतात. येणाऱ्याचं नाव-गाव विचारत नाहीत.

रात्री सगळं पुसलं जातं, तरी जवळ जाऊन पाहा. काळ्या अंगावर कालच्या कर्लीची वेलांटी पुसटशी उरलेली असते, तिच्याखाली परवाच्या बांगड्याचा काना. अशा रेषा एकमेकींवर चढलेल्या दिसल्या, तर या घरची चूल रोज पेटते. चपला काढा आणि आत जा.