दुधाचा पगार आणि ३९ बिट

मागच्या वर्षी दुधाच्या पगाराच्या दिवशी इंदापूरच्या शाखेत तीन तास रांग खोळंबली होती. मला कुणी काही बोललं नाही, कारण मी कोण ते रांगेला माहीत नव्हतं. पण चूक माझी होती, म्हणून लिहितोय.

एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. बारामतीला झिऑनचा सर्व्हर, इंदापूरला राखीव म्हणून साधा डेस्कटॉप. संस्थेचं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. बारामतीत काही काम निघालं की ते मशीन आहे त्या स्थितीत गोठवायचं आणि इंदापुरात जागं करायचं, असा बेत. संचालकांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "कुठंही चालेल." त्या दिवशी इंदापुरात ते जागं झालं, स्क्रीन दिसली आणि तिथंच थिजलं. मी केबल, रॅम, डिस्क तपासत बसलो. शेवटी पूर्ण बंद करून नव्याने चालू केलं, तेव्हा हललं. अर्धवट नोंदी वहीवरून पुन्हा भरल्या.

कारण नंतर सापडलं. पिनकोडचं बघा. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्याला सहा आकडे. बारामती ४१३१०२, इंदापूर ४१३१०६. फॉर्मवर पाचच चौकटी छापल्या तर दोन्ही गावं एकच होतील! मेमरीचा पत्ता लिहायला किती चौकटी, म्हणजे किती बिट, हे प्रोसेसरवर ठरतं. बऱ्याच साध्या इंटेल डेस्कटॉपना ३९ बिट, म्हणजे ५१२ जीबीपर्यंतचे पत्ते. झिऑनच्या अनेक पिढ्यांना ४६, म्हणजे ६४ टीबी. माझं सेटिंग होतं, 'यजमानाला जितके, तितकेच पाहुण्याला सांग.' बारामतीत पाहुण्याने ४६ ऐकलं आणि डिस्क, नेटवर्क कार्डाचे पत्ते पार वरच्या टोकाला मांडले. इंदापुरात ते पत्तेच नव्हते.

मग दोन्हीकडे ३९ सांगावं? हो, पण तेही फुकट नाही. ३९वाल्या पाहुण्याने चाळिसाव्या चौकटीत काही लिहिलं तर 'पत्ता चुकीचा' असं उत्तर यायला हवं. ४६वाल्या प्रोसेसरसाठी ती चौकट खरीच असते, त्यामुळे तो चूक पकडत नाही. २०२० मध्ये लिनक्सच्या केव्हीएममध्ये इंटेलसाठी ही चूक पकडायची सोय आली. पण त्यासाठी पाहुण्याच्या पेज फॉल्टवर पहारा ठेवावा लागतो, वेग घटतो, म्हणून ती मुळात बंदच असते. आमचं पाहुणं मशीन १६ जीबीचं, सरळमार्गी. आम्ही ३९ ठरवलं आणि पहारा बंद ठेवला. हे मंडळाला लेखी दिलं.

आता मुद्दा. आपल्या पतसंस्था, दूध संघ, ग्रामपंचायती संगणक घेताना रॅम किती, डिस्क किती आणि स्वस्त कोण, एवढंच बघतात. एक मशीन या वर्षी, दुसरं चार वर्षांनी, तिसरं देणगीत. राखीव मशीन मुख्य मशीनचं ओझं खरंच उचलेल का, हे कुणी विचारत नाही. लिनक्सवर एलएससीपीयू टाका, 'ॲड्रेस सायझेस'च्या ओळीत आकडा अर्ध्या मिनिटात दिसतो.

"कुठंही चालेल" म्हणायच्या आधी सगळ्यात लहान मशीनकडे बघायला हवं होतं. आता आम्ही दर सहा महिन्यांनी मशीन गोठवून इंदापुरात जागं करून बघतो. पगाराचा दिवस सोडून.

तुमच्या संस्थेत ही चाचणी शेवटची कधी झाली? पुढच्या वार्षिक सभेत विचारा.