जोडी आणि बिंदु

आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थी हल्लीं संगणकाकडून आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढवून घेतात. प्रथम ते एक यादी करतात : सिंधुदुर्ग किल्ला १६.०४, ७३.४६, वेंगुर्लें १५.८६, ७३.६३, विजयदुर्ग १६.५६, ७३.३३. पहिला आंकडा अक्षांशाचा, दुसरा रेखांशाचा. ही यादी तशीच संगणकाच्या हातीं दिली, तर त्याला तींत किल्लाही दिसत नाहीं व बंदरही दिसत नाहीं. ते आंकडे मासळीच्या भावाचे असते तरी त्याला सारखेच. म्हणून पायथन भाषेंत ‘बिंदु’ नांवाचा एक वर्ग ठरवावयाचा (वर्ग म्हणजे येथें इयत्ता नव्हे), प्रत्येक जोडी उचलून तिचे दोन भाग अलग करावयाचे, आणि एकास अक्षांश व दुसऱ्यास रेखांश म्हणून त्यांची एक वस्तु घडवावयाची. हें सारें एका ओळींत लिहितां येतें, व मुलांना त्या ओळीचें फार कौतुक. मला कौतुक वाटतें तें नामकरणाचें. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत पशुपक्षी आदामापुढें आणले जातात, ते त्यानें त्यांस कोणतीं नांवें द्यावीं हें पाहण्यासाठींच.

गतवर्षीं एका विद्यार्थिनीच्या नकाशांत मोठी मौज झाली. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं मालवणच्या कुरटे बेटावर बांधावयास घेतलेला किल्ला नॉर्वेच्या उत्तरेस, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, थंड समुद्रांत जाऊन बसला ! कारण असें कीं, खलाशी व आमचीं भूगोलाचीं पुस्तकें अक्षांश आधीं सांगतात. पण जिओजेसन नांवाच्या प्रचलित लेखनपद्धतींत रेखांश आधीं लिहितात. तिनें तशा यादींतील जोड्या जशाच्या तशा उतरून घेतल्या होत्या.

यावर मुलांनीं उपाय सुचविला : अक्षांश ९० हून अधिक असूं शकत नाहीं, तेव्हां बिंदु घडवितांनाच ही तपासणी करावी. उपाय रास्त आहे. टोकियोच्या बाबतींत चालेलही, कारण तेथील रेखांश १३९ च्या पुढें आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र तो व्यर्थ होय. आपला रेखांश ७३ असल्यामुळें तो अक्षांशाचें सोंग घेऊन बिनदिक्कत आंत शिरतो. येथें तपासणी घरचीच हवी : अक्षांश १५ ते १७, रेखांश ७३ ते ७५, याबाहेरचें तें आपल्या जिल्ह्याचें नव्हे.

किल्ला चुकला तर हंसावें. खडक चुकला तर काय करावें? याच मुलीचे वडील दर्यावर जातात. पाण्याखालच्या ज्या खडकांवर जाळीं फाटतात, त्यांचीं स्थानें त्यांनीं एका वहींत टिपून ठेविलीं आहेत, व तीं अंश आणि मिनिटांत आहेत. १६ अंश ३ मिनिटें हें १६.३ असें लिहिलें, कीं घात झाला. मिनिटांस ६० नीं भागलें पाहिजे. खरा आंकडा १६.०५. दोहोंत पाव अंशाचें अंतर, म्हणजे सुमारें २८ किलोमीटर : मालवणासमोरचा खडक कुणकेश्वराच्या बाजूस जावयाचा, आणि जेथें तो खरोखर आहे तेथें नकाशा स्वच्छ पाणी दाखवावयाचा. ही चूक वरील तपासणींतूनही सुटते, कारण दोन्ही आंकडे जिल्ह्यांतलेच. ती पकडावयास वही व माणूस शेजारीं बसलीं पाहिजेत.

दशांश स्थळांविषयीं आणखी एक गोष्ट. दुसऱ्या स्थळीं एकाचा फरक म्हणजे जमिनीवर सुमारें १.१ किलोमीटर, किनाऱ्यापासून किल्ला त्याहूनही जवळ आहे. शाळेच्या नकाशास तेवढें चालतें, खडकास चार स्थळें तरी हवींत.

वहींतील सर्व जोड्यांचे बिंदु झाले, तेव्हां वडिलांस नकाशा दाखविण्यांत आला. त्यांनीं एकेक ठिपका वहीशीं ताडून पाहिला. मग दोन खडकांमधून बोट फिरवून ते म्हणाले, “होडी जातां ती ह्या वाटेन. ती खंय दाखवलास ?” ती यादींत नव्हती. वाटेसाठीं बिंदूंची क्रमानें रांग करून रेषा घडवावी लागते. त्या कामास मुलें आतां लागलीं आहेत.