चार वाजताचा डोस

मॅगसल्फचा लोडिंग डोस म्हणजे चौदा अँप्युल. एका अँप्युलमध्ये २ मिलि, म्हणजे १ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. चार अँप्युल २० मिलिच्या सिरिंजमध्ये ओढायच्या, १२ मिलि डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं आणि शिरेतून अगदी सावकाश द्यायचं, निदान पाच मिनिटं लावून. उरलेल्या दहा अँप्युल, पाच-पाच करून, दोन्ही बाजूंना कमरेत खोलवर. समोर झटके येऊन भान हरपलेली गरोदर बाई, दाराबाहेर माणसांची रडारड, आणि त्यात हा हिशेब. म्हणून मोडलेली अँप्युल मी लगेच टाकत नाही, ट्रेमध्ये ओळीने ठेवते. दुसऱ्या सिस्टरने त्या मोजायच्या, लेबल मोठ्याने वाचायचं, मगच इंजेक्शन. रात्री दुसरी सिस्टर नसली तर डॉक्टरांना वाचायला लावते. आजवर कुठल्याही डॉक्टरांना त्याचा राग आलेला नाही.

त्याआधी एक कागद वाचायचा असतो, रेफर चिठ्ठी. झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी उपकेंद्रातल्या एएनएमने कमरेत दोन्हीकडे ५-५ ग्रॅम द्यावेत, अशी सरकारी सूचना आहे. ती सुई वेळेवर मिळाली म्हणून वाटेत तगलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण घाईत चिठ्ठीवर नोंद राहून जाते. मग आम्ही १०८ च्या डॉक्टरांना विचारतो, सोबतच्या बाईला विचारतो, "कमरेत सुई दिली का? एकीकडे की दोन्हीकडे?" तरी शंका राहिली तर त्या एएनएमताईंनाच फोन लावतो. दहा ग्रॅमवर नकळत आणखी दहा गेले, तर पुढे श्वासच थांबू शकतो.

औषध मोलाचं आहे, यात वाद नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय अभ्यासात ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका होत्या. बीपी वाढलेल्या ज्या बायकांना मॅगसल्फ मिळालं, त्यांच्यात झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. मात्र हे औषध शरीराबाहेर पडतं ते लघवीवाटेच. मूत्रपिंड मंदावलं की ते रक्तात साठत जातं. आधी गुडघ्याचा झटका मंदावतो, मग नाहीसा होतो. त्यानंतर श्वास मंदावतो आणि शेवटी हृदय. म्हणून दर चार तासांच्या डोसआधी तीन गोष्टी बघायच्या: वाटीखाली हॅमर टोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, आणि मागच्या चार तासांत निदान १०० मिलि लघवी झाली का.

एका रात्री अशाच झटके येऊन आलेल्या एका बाईचं बाळंतपण पार पडलं होतं, बाळ एसएनसीयूत होतं. बाराचा डोस मी स्वतः दिला होता. चारला सिरिंज भरण्याआधी युरोबॅगशी बसले, तर जेमतेम सत्तर मिलि. श्वास घड्याळ लावून मोजले, सोळा. गुडघा टोकला. पाय हलला, पण आळसावल्यासारखा. केसपेपरवर ५ ग्रॅम स्वच्छ अक्षरात लिहिलेले. मी अँप्युल मोडली नाही, डॉक्टरांना क्वार्टरवर फोन केला.

तिची सासू पायथ्याशी जागीच होती. "सिस्टर, चार वाजून गेले. सुई चुकली तर परत झटका यायचा."

"आजी, आधीचं औषध अजून तिच्या अंगात आहे. लघवीवाटे ते निघाल्याशिवाय दुसरं घालता येत नाही. मी इथेच आहे, हलत नाही."

म्हातारीचा विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं. मी तिला दोष देत नाही. सुनेचे झटके तिने डोळ्यांनी पाहिले होते.

डॉक्टर आले, त्यांनीही गुडघा बघितला आणि डोस थांबवा म्हणाले. उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिलि, मी आधीच उशाशी आणून ठेवलं होतं. ते लागलं नाही. दर तासाला लघवी मोजत राहिलो. सहाच्या सुमारास बॅग भरू लागली, पाय पहिल्यासारखा उडाला, आणि मग डॉक्टरांना सांगून तो डोस दिला.

थांबवलेल्या डोसची नोंद, माझ्या मते, दिलेल्या डोसपेक्षाही जपून करावी लागते. चारचा रकाना कोरा ठेवला असता, तर सकाळच्या सिस्टरला तो राहून गेलेला वाटला असता, आणि तिने भल्या मनाने सहाच्या डोसवर आणखी एक दिला असता. म्हणून लिहिलं: डोस थांबवला, लघवी इतकी, गुडघा मंद, श्वास इतके, डॉक्टरांना कळवलं, वेळ आणि सही. हँडओव्हरला तोंडानेही सांगितलं, तिच्या खाटेशी उभं राहून.

प्रशिक्षणाला येणाऱ्या मुली पाच 'बरोबर' घडाघडा म्हणून दाखवतात: रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. ते पाठ हवंच. पण त्या रात्री पाचही बरोबर होते आणि तरी ते औषध तिला तेव्हा द्यायचं नव्हतं. हे ओळखायला हाताला आणि डोळ्याला सवय लागते. म्हणून मी त्यांना आधी एकमेकींचेच गुडघे टोकायला लावते. चांगला उडणारा पाय शंभरदा पाहिल्याशिवाय मंद पाय कळत नाही. आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजायला लावते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेला आकडा मी तक्त्यावर लिहू देत नाही.